वही तपासली, पण मुलाला काय सांगितले?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

दसऱ्याची सुट्टी संपली, शाळा पुन्हा भरल्या आणि सुट्टीआधी झालेल्या एसए-१ (पहिल्या सत्राअखेरच्या संकलित) परीक्षेचे पेपर मुलांच्या हाती पडू लागले आहेत. आमच्या आळीतील सातवीत शिकणारी एक मुलगी परवा तिचा गणिताचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. पेपरावर पाच फुल्या होत्या, वरच्या कोपऱ्यात गोलात गुण होते, त्याखाली ‘आणखी प्रयत्न आवश्यक’ असा शेरा होता आणि शेवटी सही व तारीख. पाचांपैकी कोणते गणित कुठल्या पायरीला बिघडले हे तुला कळले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “ते कुणी सांगितलं नाही की सर. मार्क तेवढे वाचून दाखवले.”

पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना दोष द्यावा म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात ३१ वर्षे गणित शिकवताना हाच शेरा, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतः किती हजार वेळा लिहिला असेन याला हिशोब नाही. ‘छान’, ‘बरे’, ‘सुधारणा हवी’, ‘अक्षर सुधारा’ आणि ‘लक्ष द्या’ या पाच शेऱ्यांवर माझी बरीचशी नोकरी निभावली. बी.एड.च्या पुस्तकात या विषयाला ‘प्रत्याभरण’ असा भारदस्त शब्द होता. तो पाठ करून मी परीक्षेत गुण मिळवले आणि पुढे तो शब्द आणि त्यामागची गोष्ट दोन्ही विसरलो. आपण त्याला साधेपणाने अभिप्राय म्हणू. आपल्या शाळांत वह्या तपासल्या जातात, पेपरही तपासले जातात, पण तपासून शिक्षकाला जे कळते ते मुलापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी त्यावर काही करायला मुलाला वेळ मिळत नाही, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

मला स्वतःला हे उमगले ते योगायोगाने. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर वह्या तपासू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. रजा शिल्लक नव्हती, म्हणून वर्गावर जात होतो, आणि वही पाहता येत नसल्यामुळे मुलांना त्यांचे गणित पायरीपायरीने मोठ्याने वाचायला सांगत होतो. एका मुलीने १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे उत्तर वाचले. हे उत्तर मी आयुष्यात असंख्य वेळा फुली मारून बाजूला सारले होते. या वेळी फुली मारता येत नव्हती, म्हणून विचारले, असे का केलेस? ती सहज म्हणाली, “वरचं वर मिळवलं, खालचं खाली. गुणायला असंच करतोय की सर.”

तिचे खरेच होते. अपूर्णांकांच्या गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे, हे मीच तिला मागल्या महिन्यात शिकवले होते. तिने तो नियम इमानाने पुढे चालवला होता. ‘लक्ष द्या’ असे लिहून तिचा काय फायदा होणार होता? लक्ष तर तिने पुरेपूर दिले होते. मी तिला म्हटले, अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे आणि आईने आणखी तिसरा हिस्सा वाढला, तर आता ताटात अर्ध्याहून जास्त भाकरी असेल की कमी? जास्त, असे ती म्हणाली. मग २/५ हे अर्ध्याहून जास्त आहे का ते बघ, एवढेच सांगून मी पुढच्या मुलाकडे वळलो. तास संपायच्या आत ती ५/६ हे उत्तर घेऊन आली, आणि नुसते उत्तर आणले नाही, तर मागची आणखी दोन गणिते तिने न सांगता दुरुस्त केली होती. डोळा बरा झाल्यावर लाल पेन पुन्हा हातात आले, पण फुली मारताना हात थोडा अडखळू लागला.

या विषयावर बाहेर बराच अभ्यास झाला आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचनातून समजले. रूथ बटलर या संशोधक बाईंनी १९८८ साली इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग मला विशेष वाटतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय दिला आणि काहींना दोन्ही दिले. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले, तर ज्यांना गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळाले त्यांची गत फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसले की मूल अभिप्राय वाचतच नाही, हे कुठल्याही वर्गात पेपर वाटताना पाहावे. मूल आधी आकडा बघते, मग शेजाऱ्याचा आकडा बघते आणि पेपर चार घड्या होऊन दप्तरात जातो.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली अशा प्रयोगांचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा अभिप्रायाने सरासरीने कामगिरी सुधारते असे दिसले खरे, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट घसरलेली आढळली. शेरा कामाऐवजी माणसाबद्दल बोलू लागला की तो अंगावर उलटतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मला त्याचा दाखला माझ्याच वर्गात मिळाला होता. नववीतील एका तल्लख मुलाच्या वहीत मी मोठ्या कौतुकाने ‘तू हुशार आहेस, तुला हे जमलेच पाहिजे’ असे लिहिले. त्यानंतर त्या मुलाने अवघड गणिते सोडवणे बंद केले, कारण चुकले असते तर हुशारीला बट्टा लागला असता. हुशारीची स्तुती केलेली मुले सोपी कामे निवडतात आणि अपयशानंतर लवकर हात टेकतात, असे म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली प्रयोगाने दाखवले होते. ते वाचताना त्या मुलाची वही डोळ्यांसमोर आली.

आता आपल्या सीमाभागाकडे येतो, कारण इथला प्रश्न थोडा निराळा आहे. आपली मुले घरी एक मराठी बोलतात, पुस्तकात दुसरी वाचतात, बाजारात आणि बसमध्ये कन्नड ऐकतात आणि शाळेत कन्नड व इंग्रजी शिकतात. त्यांच्या कित्येक चुका या दोन भाषांच्या बांधावर उगवलेल्या असतात, आणि बांध ओळखल्याशिवाय तण उपटता येत नाही. मराठीत ‘पासष्ट’ म्हणताना पाच आधी आणि साठ नंतर येतात. कन्नडमध्ये ‘अरवत्तैदु’ म्हणताना साठ आधी येतात. ज्या मुलाच्या कानावर दोन्ही पडतात, ते ‘पासष्ट’ ऐकून ५६ लिहिते. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोणाचे बरोबर होते हे बाजूला ठेवू, पण मराठी संख्यानामांत अडचण आहे हे त्यातून निदान सर्वांसमोर आले. आपल्याकडे तर दोन्ही रीती रोज कानांवर आदळतात. अंकांची अदलाबदल प्रत्येक वेळी याच कारणाने होते असे मी म्हणणार नाही, कधी ती निव्वळ घाईही असते. पण ५६ वर फुली मारणारा शिक्षक आणि “तू कुठला अंक आधी ऐकलास?” असे विचारणारा शिक्षक यांच्या हाताखालून निघालेली मुले वेगवेगळी असतात.

कन्नडच्या वहीतही असेच घडते. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ एकेकच आहेत, कन्नडमध्ये त्यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन दोन प्रकार आहेत आणि लिपीत त्यांच्या खुणाही वेगळ्या आहेत. ‘कोडु’मधला ओकार आखूड ठेवला तर अर्थ ‘दे’ असा होतो आणि लांबवला तर ‘शिंग’ असा होतो. मराठी मुलाच्या कानाला हा फरक सहजी जाणवत नाही, म्हणून ते एकाच खुणेने दोन्ही लिहिते. माझ्या शाळेत कन्नड शिकवणारे एक सहकारी होते, धारवाडकडचे, मराठी जेमतेम समजणारे. ते अशा शब्दावर काट न मारता समासात दोन्ही शब्द लिहीत आणि एकापुढे हाताचे चित्र व दुसऱ्यापुढे शिंगाचे चित्र काढत. चित्रे अगदी सुमार असत, शिंग बहुतेक वेळा गाजरासारखे दिसे. पण आमच्या मुलांना कन्नडमध्ये जे काही चांगले गुण पडले त्यात त्या गाजरांचा वाटा मोठा आहे, हे मी मराठीचा अभिमान बाळगूनही मान्य करतो.

आणि मराठीच्या वहीत आपण काय करतो? जांबोटीकडच्या एका मुलीने सुगीवर निबंध लिहिला होता. त्यात ‘आईने बुट्टीभर भात पाखडून ठेवला’ असे वाक्य होते. ‘बुट्टी’खाली लाल रेघ मारून पुढे ‘अशुद्ध’ लिहिलेले होते. वास्तविक पूर्ण निबंधात डोळ्यांना दिसावे असे तेच एक वाक्य होते, बाकी सगळे गाईडमधून उतरवलेले होते, आणि त्या उतरवलेल्या भागावर मात्र सरळ बरोबरच्या खुणा होत्या. पुढच्या निबंधात त्या मुलीने पाखडणारी आई काढून टाकली आणि ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ येथून सुरुवात केली. त्या रेघेऐवजी ‘पुस्तकात याला टोपली म्हणतात, तुझा शब्दही चांगला आहे; आई आणखी काय काय करते ते दोन ओळींत लिही’ एवढे जरी लिहिले असते, तरी प्रमाणभाषाही शिकवून झाली असती आणि मुलगी लिहिती राहिली असती. आपण मराठी टिकवण्याची भाषा करतो तेव्हा ती मराठी या बुट्टीतच असते, हे विसरायला नको.

शिक्षकांना हे कळत नाही असे नाही. वेळ कुठून आणायचा हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. एका वर्गात ४० मुले धरली आणि एका वहीला २ मिनिटे दिली, तरी ८० मिनिटे, म्हणजे दोन तासिका होतात. असे तीन वर्ग असतील तर घड्याळी चार तास. त्यात दूध वाटप, अंडी-केळी, त्यांच्या नोंदी, एसएटीएस या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर गुण चढवणे, कन्नडमध्ये आलेल्या परिपत्रकाचा अर्थ लावणे हे सगळे येते. अनेक शाळांत मराठीच्या जागा रिकाम्या आहेत आणि अतिथी शिक्षकांवर काम भागते. शिवाय तपासणीला येणारे अधिकारी काय बघतात यावर शिक्षक काय करतात हे ठरते. माझ्या वर्गात एकदा आलेल्या अधिकाऱ्यांनी वह्यांचा गठ्ठा मागवला, अंगठ्याने पाने फरफर उलटली, सही नसलेली तीन पाने शोधून काढली आणि माझ्या नावापुढे तशी नोंद केली. एकाही मुलाला त्यांनी काही विचारले नाही. त्या दिवसानंतर वर्षभर मी प्रत्येक पानावर सही केली, आणि सहीखेरीज बहुतेक पानांवर दुसरे काही केले नाही.

कायद्यात कमतरता आहे म्हणावे तर तसेही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे २००९ सालीच लिहून ठेवले आहे. त्याच्याही खूप आधी कोठारी आयोगाने (१९६४-६६) मूल्यमापन ही अखंड चालणारी, शिक्षणाचाच भाग असलेली प्रक्रिया आहे असे म्हटले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. कर्नाटकात एफए-१ ते एफए-४ अशा चार आकारिक चाचण्या याच विचारातून आल्या आहेत. चाचणी मधेच घ्यायची, ती पुढचे शिकवणे आणि शिकणे सुधारावे म्हणून. प्रत्यक्षात एफए ही छोटी एसए झाली आहे. दहावीत प्रत्येक विषयाचे २० आणि प्रथम भाषेचे २५ अंतर्गत गुण यांच्यावर बेतलेले असतात, त्यामुळे चाचणी झाली, गुण भरले, विषय संपला. पाचवी, आठवी आणि नववीच्या बोर्ड परीक्षा घ्याव्यात की नाही यावर २०२४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परीक्षा व्हावी की होऊ नये यावर तेव्हा सर्वांनी हिरिरीने मते मांडली, पण झालेल्या परीक्षेनंतर मुलाला काय सांगायचे, यावर कोणी दोन शब्द बोलल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत मी जे केले ते सांगतो, आदर्श म्हणून नव्हे, जमले म्हणून. सगळ्या वह्या रोज तपासायचे सोडले. रोज ८ वह्या घ्यायच्या, त्या नीट वाचायच्या आणि प्रत्येकीत एकच ओळ लिहायची, पण ती त्या मुलाच्या त्या गणिताबद्दल असली पाहिजे. शनिवार सोडला तरी पाच दिवसांत ४० मुले होतात. उरलेल्या वह्या मुले फळ्यावरच्या उत्तरावरून एकमेकांच्या तपासत. चुकलेल्या गणितावर फुली न मारता ज्या ओळीत घसरण झाली तिच्यापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचे, चूक शोधायची ती मुलाने. लाल शाई वापरावी की निळी, यावर शिक्षकांच्या बैठकांत बरीच चर्चा होते, मला ती गौण वाटते. टिंब कुठल्याही शाईचे चालते.

एफएचा पेपर देताना पहिल्या दिवशी गुण सांगायचे नाहीत, फक्त टिंबे असलेला पेपर द्यायचा, एक पूर्ण तास त्यावरच्या दुरुस्तीला द्यायचा आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगायचे, असेही करून पाहिले. दुसऱ्याच दिवशी एक पालक दुचाकी घेऊन शाळेत हजर झाले. “सर, तुम्ही मार्क लपवताय असं पोरगं सांगतंय.” त्यांना शेवटच्या बाकावर बसवून तो दुरुस्तीचा तास दाखवला. त्यांनी पुढे काही तक्रार केली नाही, फक्त जाताना विचारले की, मार्क मात्र उद्या नक्की सांगणार ना! सांगितले. या पद्धतीत पाठ्यक्रमाचे काही तास जातात आणि मार्च उजाडला की त्याची टोचणी लागते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. एक-दोन धडे घाईने उरकावे लागत. तरी तो व्यवहार मला तोट्याचा वाटला नाही, कारण जुलैत दुरुस्त झालेला अपूर्णांक जानेवारीत बीजगणितात पुन्हा शिकवावा लागत नव्हता.

पालकांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट. पटसंख्या घटते आहे, मुले इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत, याबद्दल आपल्या बैठकांतून, मोर्चांतून आणि या सदरातूनही सतत लिहिले-बोलले जाते आणि ते रास्तच आहे. पण पालकाला मराठी शाळेत मूल ठेवण्याचे कारण हवे असते. अभिमान हे कारण शहाण्या माणसालाही फार दिवस पुरत नाही. मूल ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेत त्याची चूक त्याला समजावून सांगता येते, ही मराठी शाळेची खरी जमेची बाजू आहे. ‘वरचं वर मिळवलं’ हे त्या मुलीने मला तिच्या बोलीत सांगितले म्हणून मला तिची चूक दिसली. इंग्रजीत सांगायची वेळ आली असती तर ती गप्प बसली असती आणि मीही फुली मारून मोकळा झालो असतो. मात्र ही जमेची बाजू आपण वापरलीच नाही, नुसते गुण वाचून दाखवले, तर मग माध्यम कुठले का असेना! एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) सभेत आणि पालकसभेत शौचालय, कंपाउंड आणि गणवेश यांच्या जोडीला पाच मुलांच्या वह्या पालकांसमोर उघडाव्यात आणि शिक्षकाने त्यांना काय सांगितले, पुढे काय झाले, हे पाहावे, असे मी सुचवतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही ‘पोराला सर काय म्हणाले’ हे नेमके विचारता येते.

अधिकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, तपासणीत सह्या मोजण्याऐवजी कुठल्याही तीन मुलांना उभे करून ‘मागच्या चाचणीत तुझे काय चुकले होते आणि आता ते कसे करशील’ असे विचारावे. या प्रश्नाला निधी लागत नाही. रिकाम्या जागा भरणे आणि प्रशिक्षणाचे साहित्य मराठीतूनही देणे यांना मात्र निधी आणि इच्छा दोन्ही लागतात, आणि त्यासाठीचा आग्रह आपण सोडता कामा नये.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत आयोजकांना एक विनंती. थोड्या दिवसांनी उचगाव, कडोली, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांची तयारी सुरू होईल. कथाकथन आणि कविसंमेलनाच्या मधल्या वेळेत एक तास शिक्षकांसाठी ठेवावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातील दोन वह्या आणाव्यात, आपण लिहिलेले शेरे वाचून दाखवावेत आणि त्या शेऱ्यानंतर मुलाने पुढच्या पानावर काय केले ते सांगावे. तसा तास ठरला तर मी माझ्याकडे जपून ठेवलेल्या जुन्या वह्या घेऊन येईन, सहीखेरीज काहीच नसलेल्यासुद्धा. मुलांची नावे मात्र सर्वांनी कागद चिकटवून झाकून आणावीत.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव